लाखाची गोष्ट आणि पगारदार प्रेक्षक

मंडळाच्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन करताना गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्याने, हळदीकुंकू आणि सहली यांचा वृत्तान्त येणे क्रमप्राप्तच आहे. त्यांची इतिवृत्ते आहेत, जमाखर्च आहेत, छायाचित्रेही आहेत. परंतु एखादा चित्रपट पाहून झाल्यावर सतरंज्या गुंडाळताना जी चर्चा रंगते, तिची नोंद कोणत्याही चिटणीसाच्या वहीत सापडत नाही. वास्तविक माणसे कशाला हसली आणि कशावरून भांडली, हे कळल्यावाचून त्या समाजाचा इतिहास पुरता उमगत नाही. म्हणून एका चित्रपटाच्या निमित्ताने हा अलिखित इतिहास थोडासा लिहून ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. तो चित्रपट म्हणजे ‘लाखाची गोष्ट’.

राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५२ साली पडद्यावर आला. लेखणी ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडके यांचे. या त्रयीने मराठी चित्रपटाला जे सोन्याचे दिवस दाखविले, त्यांची स्मृती वाचकांना असेलच. राजा गोसावी यांच्या विनोदी नायकाला येथूनच मोठी लोकप्रियता लाभली. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात हा नायक स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे खिडकीत बसून विकीत असे, अशी आठवण सांगितली जाते. पडद्यावर लाख रुपये उधळणारा आणि खिडकीत आण्यांचा हिशेब करणारा माणूस एकच, ही गोष्ट चित्रपटाच्या कथानकाइतकीच बोलकी म्हटली पाहिजे.

कथानक सर्वश्रुत आहे. एका निर्धन तरुणाचे धनिकाच्या मुलीवर प्रेम जडते. मुलीचा बाप नकार देत नाही, तो अट घालतो: हे घ्या एक लाख रुपये, महिन्याभरात खर्च करून दाखवा. ज्याच्या खिशात कधी शंभराची नोट राहिली नाही, त्याला खर्चाच्या वाटा शोधता शोधता नाकी नऊ येतात. गरिबाला पैसा मिळत नाही हे दुःख सर्वांच्या परिचयाचे होते. मिळालेला पैसा संपत नाही हे दुःख मात्र मराठी प्रेक्षकाला नवे होते, आणि त्या नवेपणातच हास्याचा उगम होता.

या कल्पनेचे मूळ गोत्र अमेरिकेत सापडते. जॉर्ज बार मॅकचन या लेखकाची ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ ही कादंबरी १९०२ साली प्रसिद्ध झाली. तीत नायकाला आजोबांचे दहा लाख डॉलर मिळतात. त्या आजोबांचा द्वेष करणारा मामा मृत्युपत्रात लिहून ठेवतो, की ते दहा लाख वर्षभरात संपविलेस तर माझे सत्तर लाख तुझे. या कादंबरीवर हॉलिवूडने पुन्हा पुन्हा चित्रपट काढले. १९४५ सालच्या चित्रपटात नायक युद्धावरून परतलेला सैनिक आहे. त्याचे लग्न तोंडावर आले आहे आणि दोन महिन्यांत दहा लाख डॉलर संपविण्याची अट त्याच्या मानेवर बसली आहे. अट गुप्त राखावयाची असल्याने वाग्दत्त वधूलाही तो काही सांगू शकत नाही. बुडावा म्हणून केलेला व्यवहार नफ्यात येतो आणि गोंधळ वाढत जातो.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक भेद ठळकपणे नजरेत भरतो. अमेरिकी नायक पैसा संपवितो तो अधिक पैसा मिळावा म्हणून. आमचा नायक पैसा संपवितो तो मुलगी मिळावी म्हणून. मराठी रूपात मृत्युपत्राच्या जागी होणारा सासरा आला आणि वकिलाच्या कचेरीतील गोष्ट दिवाणखान्यात येऊन बसली. मराठी मध्यमवर्गाच्या जीवनात पैशाविषयीचे सर्वांत गंभीर बोलणे लग्नाच्या बैठकीतच होत असे. हा बदल करणाऱ्याला आपला प्रेक्षक पक्का ठाऊक होता, यात शंका नाही.

पैशाने जावयाची परीक्षा घेणारा सासरा हॉलिवूडलाही अपरिचित नाही. फ्रँक काप्रा यांच्या १९३४ सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या पाच प्रमुख ऑस्कर पारितोषिके मिळविणाऱ्या चित्रपटात धनिकाने पळालेल्या मुलीच्या शोधासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस लावलेले असते. वार्ताहर नायक बापाकडे येतो आणि मागतो ते केवळ प्रवासात पदरचे खर्च झालेले ३९ डॉलर ६० सेंट. त्या तुटपुंज्या मागणीवरून बापाला माणूस कळतो. याच चित्रपटावरून १९५६ साली ‘चोरी चोरी’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि तो दिल्लीकरांनी आवडीने पाहिला. एक नायक पै-पैचा हिशेब देऊन उतरतो, दुसऱ्याला लाखाचा हिशेब द्यावा लागतो. तराजू एकच.

आता प्रेक्षकांकडे वळू. दिल्लीतील मराठी समाज हा बहुतांशी पगारदारांचा. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या खात्यांत नोकरीस लागलेली आमची मंडळी पहाडगंज, करोल बाग, लोदी कॉलनी, सरोजिनी नगर, रामकृष्णपुरम् येथे राहिली. निवृत्तीनंतर सरकारी निवासस्थान सोडावे लागले, तेव्हा अनेकांनी फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा येथे घरे केली. या समाजात रुपयाचे मोजमाप वेतन आयोगाने होई. पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली किमान वेतन महागाई भत्त्यासह ५५ रुपये सुचविले होते. त्या हिशेबाने एक लाख रुपये म्हणजे सुमारे १५१ वर्षांचा पगार. महिन्यात लाख संपवायचे तर रोज ३,३३३ रुपये उडवावे लागतात, म्हणजे शिपायाची पाच वर्षांची मिळकत दररोज. १९५२ सालच्या प्रेक्षकाला ही बेरीज-वजाबाकी कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

आमच्या मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत, भाड्याने आणलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रक्षेपकावर मराठी चित्रपट दाखविले जात, तेव्हाही स्थिती फारशी पालटली नव्हती. तिसऱ्या वेतन आयोगानंतर किमान वेतन १९६ रुपये झाले होते. त्या मानाने लाख म्हणजे साडेबेचाळीस वर्षे, सगळ्या नोकरीपेक्षाही लांब. त्या पिढीचे हसणे आम्ही ऐकले आहे. ते मोकळे होते, तरी त्यात एक हळवा सूर होता. चित्रपट संपल्यावर लेखा विभागातील आमचे ज्येष्ठ सभासद नायकाच्या चुका दाखवीत: त्याने अमुक ठिकाणी पावती घ्यावयास हवी होती, तमुक खर्च अमान्य होईल! आपल्याला लाख मिळाले तर काय करू, यावरही वाद होत. बहुतेकांची उत्तरे भविष्यनिर्वाह निधी, मुलीचे लग्न आणि गावाकडच्या घराचे कौल यांपाशी येऊन थांबत. एवढे सगळे करूनही पन्नास हजार उरत आणि मग सारेच निरुत्तर होत. पडद्यावरील नायकाची अडचण खरी आहे, ही त्यांची खात्री पटे.

स्त्रियांची प्रतिक्रिया निराळी होती, आणि ती आज अधिक मोलाची वाटते. मुलगी ही पैजेची वस्तू कशी, हा प्रश्न आमच्या महिला सभासदांनी त्याही काळी उपस्थित केला होता. कोणी म्हणत, बापाने मुलीला विचारले असते तर चित्रपट दहा मिनिटांत आटोपला असता. कोणी बापाची बाजू घेत: पैसा नसताना सगळेच सज्जन असतात, हाती आल्यावर माणूस कसा वागतो हे पाहणारा बाप शहाणाच नव्हे काय? हा वाद मिटल्याचे आम्हांस स्मरत नाही.

दिल्लीच्या मराठी समाजात आणखी एक वर्ग आहे, तो सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी आलेल्या गलाई बांधवांचा. मुशीत दुसऱ्याचे सोने वितळविणाऱ्या या मंडळींना लाखाचा आकडा पाहून धाप लागत नसे. भाव उतरला तर लाख जाण्यास महिना कशाला, एक दिवस पुरतो, असे त्यांचे म्हणणे पडे. पगारदाराच्या विनोदाला व्यापाऱ्याचे हे उत्तर ऐकून आमचे ज्येष्ठ क्षणभर गप्प होत.

पुढे दूरदर्शन आले, व्हिडिओ कॅसेट आली, आणि चित्रपट सभागृहातून घराघरांत शिरला. १९८६ साली किमान वेतन ७५० रुपये झाले, लाख अकरा वर्षांच्या पगारावर आला. १९८८ च्या ‘मालामाल’ या हिंदी चित्रपटात नायकाला तीस दिवसांत तीस कोटी संपवावे लागले. १९९७ च्या तमिळ ‘अरुणाचलम’मध्येही आकडा तोच. कल्पना टिकली, पण लाखाने आपली जागा कोटीला दिली. सातव्या वेतन आयोगानुसार २०१६ पासून किमान मूळ वेतन १८,००० रुपये झाले आणि लाख सहा महिन्यांच्याही आत आला.

आमची नातवंडे आज हा चित्रपट पाहतात, तेव्हा ती आकड्यावर हसत नाहीत. घराचा हप्ता, शाळेची फी आणि गाडी यांत लाख रुपये कसे जातात हे ती घरातच पाहतात. महिन्यात लाख संपविणे हा त्यांना पराक्रम वाटत नाही. ती हसतात ती माणसांच्या फजितीला, आणि थांबतात नेमक्या त्याच प्रश्नापाशी, जेथे त्यांच्या आज्या थांबल्या होत्या: मुलीला कोणी विचारले का?

आमच्या मते या चित्रपटाचे चिरंजीवित्व येथेच आहे. आकड्याची धास्ती काळाने काढून घेतली, परंतु पैशावरून माणूस जोखता येतो काय, हा प्रश्न जसाच्या तसा राहिला. पन्नास वर्षांत आमच्या मंडळाच्या शिलकेने लाखाचा टप्पा फार उशिरा गाठला. त्या आधीच्या रिकाम्या पेटीच्या दिवसांत येथे जुळलेल्या सोयरिकी आणि मैत्री आजही टिकून आहेत. हा हिशेब इतिवृत्तात नाही, म्हणून येथे नोंदविला.