छायाचित्रकलेंतील स्फूर्ति

छायाचित्र स्फूर्तीनें साधतें कीं प्रयत्नानें, हा वाद जुना आहे. या वादाचा निकाल इतिहासास विचारावा असें आम्हांस वाटतें, आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको. परभणी जिल्ह्यांतील पालम हें गांव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्याच राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) हे आमचे पहिले साक्षी.

दीनदयाळ रुडकीच्या कॉलेजांत स्थापत्य शिकले व इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नकाशे व अंदाजपत्रकें करण्याच्या कामावर राहिले. कॅमेरा हातीं आला तो 1874 च्या सुमारास. त्या काळीं ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेस कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रवांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन धुवावयाची. आमच्याकडील उन्हांत ती पाहतां पाहतां वाळे. प्रकाश मोजण्याचें विद्युत्-यंत्र प्रचारांत आलें तें 1930 नंतर. तोंपर्यंत भिंगावरील झांकण किती वेळ काढावें हें डोळाच सांगे. येथें विचारास सवड कोठें होती? तरीहि ही स्फूर्ति आकाशांतून पडलेली नव्हती. इमारतीचा तोल आणि रेषांचें प्रमाण हीं नकाशे काढतां काढतांच त्यांच्या नजरेंत मुरलीं असावींत, असें त्यांचीं वास्तुचित्रें पाहून वाटतें.

दुसऱ्या साक्षी होमाई व्यारावाला (1913–2012). यांचें शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत झालें. दिल्लीच्या विमानतळावर पंडित नेहरू आपल्या भगिनी विजयालक्ष्मी यांस आलिंगन देत आहेत, हें त्यांचें 1954 च्या सुमाराचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. तो क्षण आधीं योजून ठेवतां येणारा नव्हता. चौकट कशी धरावी याचा विचार करीत त्या थांबल्या असत्या, तर तो निसटला असता.

तेव्हां दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच खरें. प्रयत्न हवा, पण तो आधीं. ऐन वेळीं मात्र त्यानें बाजूस होऊन नजरेस वाट द्यावी. ज्यानें पाहण्याचा अभ्यास केला नाहीं, त्यानें स्फूर्तीवर विसंबणें म्हणजे न पेरलेल्या शेतांत कापणीस जाणें होय.

आज पालमच्या तरुणाच्या खिशांतहि कॅमेरा आहे. काच वाळण्याची भीति नाहीं, शंभर चित्रें घेण्यास खर्च नाहीं. सोय मोठी खरी. पण शंभरांतून एक पुढें निवडूं, या भरंवशावर पाहणेंच राहून जातें. त्यानें एखाद्या सायंकाळीं कॅमेरा घरीं ठेवून कापसाच्या शेतावर उतरणारा उजेड नुसता पाहावा. तो वेळ वायां जाणार नाहीं.