हेडीसला पाताळ म्हणावं का?

ग्रीक पुराणकथा मराठीत सांगताना ‘हेडीस’साठी आपण पटकन ‘पाताळ’ म्हणून मोकळे होतो. दोन्ही जमिनीखाली, एवढं साम्य आपल्याला पुरतं. पण भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं एक शिल्प समोर ठेवलं की हा शब्द अडतो.

आधी हेडीस पाहू. हे नाव देवाचंही आहे आणि त्याच्या राज्याचंही. माणूस मेला की त्याची छाया तिथे जाते. वाटेत नदी लागते, कॅरॉन नावाचा नावाडी पैसे घेऊन पलीकडे सोडतो. म्हणून प्रेताच्या तोंडात नाणं ठेवायची चाल होती. होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियसला तिथे अकिलीस भेटतो. एवढा मोठा वीर, पण त्याचं म्हणणं काय? मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा जिवंतपणी गरिबाघरी मजुरी बरी!

आता आपल्याकडे या. आपले मृत पाताळात जात नाहीत, यमलोकी जातात. ती दिशा दक्षिण. वाटेत वैतरणी नदी, आणि ती पार व्हावी म्हणून गोदान. म्हणजे कॅरॉनच्या नाण्याचं नातं गोदानाशी लागतं. पाताळ हे नागांचं घर आहे. विष्णुपुराणात तर नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून रम्य आहे असं सांगतो.

वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्यातले प्रमुख अभ्यासक. तिथे प्राचीन स्तूपांचे अवशेष मिळाले, आणि मुचलिंद नागाचं शिल्पही मिळालं, नावाच्या लेखासकट. मुचलिंदाची कथा तुम्हाला माहीत असेल. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात असताना वादळी पाऊस आला. सात दिवस या नागराजाने वेटोळं घालून, वर फणा धरून त्यांना जपलं.

आता विचार करा. पाताळ म्हणजे मेलेल्यांचा मुलूख, हे डोक्यात घेऊन कुणी हे शिल्प पाहिलं, तर नाग त्याला मृत्यूचा दूत वाटेल. त्यातून स्तूपात अस्थी ठेवत, म्हणजे चुकीचा अर्थ चपखल बसल्यासारखाही वाटेल. प्रत्यक्षात तो राखणदार आहे. एका अनुवादाने अख्खं शिल्प उलटं वाचलं जातं.

साम्य अजिबात नाही असंही नाही. हेडीसला ग्रीक लोक ‘प्लूटन’, म्हणजे संपत्ती देणारा, असंही म्हणत. कारण धान्य आणि धातू जमिनीतूनच येतात. त्याची राणी पर्सेफनी ही धान्यदेवता डिमिटरची लेक. आपल्याकडेही नाग धनाचा राखणदार, आणि नागपंचमीला शेतकरी नांगर धरत नाही. जमिनीखालचं जग देणारं आहे, ही जाण दोन्हीकडे आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. हेडीसला ‘मृतलोक’ म्हणा. पाताळ मुचलिंदाचं, ते त्याच्याकडेच राहू द्या.