अर्बुदाची अदृश्य सीमा आणि प्रतिदीप्ती : मेंदू-शस्त्रक्रियेतील एका तंत्राचा इतिहास

प्रस्तावना :
मेंदूतील घातक ग्लायोमा या अर्बुदाला स्पष्ट कड नसते. त्याच्या पेशी भोवतालच्या निरोगी ऊतींत शिरलेल्या असतात आणि नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात कडेपाशी दोहोंतील भेद डोळ्यांना कळत नाही. कमी कापले तर रोग मागे राहतो; अधिक कापले तर रुग्णाची वाचा किंवा हातापायांची हालचाल जाण्याचा धोका संभवतो. ही सीमा दृश्य करण्याच्या प्रयत्नांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या इतिहासात प्रकाशाइतकाच महत्त्वाचा ठरलेला प्रश्न म्हणजे, रंगद्रव्य नेमके कोठे आणि का साचते?

पार्श्वभूमी :
एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करण्याच्या गुणधर्मास फ्लुओरेसन्स म्हणजेच प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून हे नाव दिले. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य तयार केले. १९२४ मध्ये फ्रेंच संशोधक पोलिकार यांनी प्रायोगिक अर्बुदांत अतिनील किरणांखाली तांबडी प्रतिदीप्ती पाहिली व तिचा संबंध पोर्फिरिन द्रव्यांशी जोडला. या निरीक्षणाचा शस्त्रक्रियेस उपयोग होण्यास मात्र अनेक दशके जावी लागली.

फ्लुओरेसीनचा प्रयोग व त्याची मर्यादा :
१९४७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक जॉर्ज मूर यांनी निरोगी व घातक ऊती ओळखण्यासाठी फ्लुओरेसीनचा वापर प्रसिद्ध केला. पुढील वर्षी मेंदूच्या अर्बुदांवरील अनुभव मांडण्यात आला. शिरेतून दिलेले हे द्रव्य अर्बुदात पिवळसर हिरवे उजळत असे. परंतु ते कर्कपेशी ओळखत नव्हते. रक्त व मेंदू यांमधील रोधक जेथे भंगलेला असेल, तेथे ते पाझरत असे. त्यामुळे सुजलेला किंवा शस्त्रक्रियेत दुखावलेला भागही उजळू शके. दिसत होती ती गळती. अर्बुदाची सीमा नव्हे.

पेशीनेच घडविलेले रंगद्रव्य :
१९९० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक येथे वाल्टर स्टुमर व सहकाऱ्यांनी निराळा मार्ग अवलंबिला. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल हे शरीरात हीम तयार होण्याच्या प्रक्रियेतील नैसर्गिक द्रव्य होय. शस्त्रक्रियेपूर्वी काही तास ते पाजल्यास घातक ग्लायोमाच्या पेशींत त्यापासून प्रोटोपोर्फिरिन तयार होऊन साचते आणि निळ्या प्रकाशात तांबडे उजळते. पोलिकार यांनी पाहिलेली पोर्फिरिनची तांबडी छटाच येथे हेतुपुरस्सर निर्माण करण्यात आली. पाझरणाऱ्या द्रव्याची जागा पेशीच्या चयापचयाने घेतली, हा यातील मूलभूत बदल होय.

पुराव्याची कसोटी :
२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन बहुकेंद्री चाचणीत ३२२ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली होती. विश्लेषणातील २७० रुग्णांपैकी प्रतिदीप्ती वापरलेल्या गटात ६५ टक्के, तर पांढऱ्या प्रकाशाच्या गटात ३६ टक्के रुग्णांचे दृश्य अर्बुद पूर्णपणे काढता आले. सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४१ व २१.१ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही. युरोपात २००७ मध्ये व अमेरिकेत २०१७ मध्ये या द्रव्यास मान्यता मिळाली.

समारोप :
२०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पाफोलासायनिन हे द्रव्य बीजांडकोशाच्या कर्करोगपेशींवरील फोलेट-ग्राहकांना चिकटते. गळती, चयापचय आणि ग्राहक असा हा प्रवास आहे. तथापि उजळणारा प्रत्येक कण कापण्यायोग्य नसतो, तसेच न उजळणारा प्रत्येक कण निरोगीही नसतो. कोठे थांबावयाचे, हा निर्णय आजही शल्यचिकित्सकाच्या विवेकावरच अवलंबून आहे.