रॉबर्ट नेस्बिट : हर्णै ते मुंबई, एका मिशनरी शिक्षकाचीं अठ्ठावीस वर्षें

इतिहाससंशोधकांची दृष्टि बहुधा सनदा, महजर आणि जुन्या घराण्यांतील रुमाल यांवर खिळलेली असते. शाळेंतील शिक्षकाचा इतिहास लिहिण्यास सहसा कोणी प्रवृत्त होत नाहीं. कारण त्याचें दप्तर म्हणजे त्याचे विद्यार्थी, आणि तें दप्तर एका पिढींत नष्ट होतें. अशाच एका शिक्षकाची कारकीर्द रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागांत सुरू झाली. तो परदेशी व परधर्मी होता, आणि धर्मांतर हा त्याचा उघड हेतु होता. तथापि मराठी शिक्षणाच्या इतिहासांत त्याला स्थान दिलें पाहिजे असें आमचें मत आहे. मात्र तें स्थान कोणतें, हें ठरवितांना दोन्ही बाजूंचा हिशोब मांडणें अवश्य आहे.

सावित्रीच्या मुखावरील बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होतें. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोंकणच्या कलेक्टरीचें ठाणें प्रथम तेथेंच होतें. तें १८२२ मध्यें रत्नागिरीस गेलें. पुढच्याच वर्षीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला प्रतिनिधि डोनाल्ड मिचेल बाणकोटास आला व त्याच वर्षीं निवर्तला. त्याच्या मागून आलेल्या मंडळींनीं बाणकोट व सुवर्णदुर्गासमोरील हर्णै हीं दोन ठाणीं धरून आसपासच्या गांवीं मराठी शाळा चालविल्या. या शाळांत अक्षरें शिकवावयास गांवचेच पंतोजी पगारावर ठेवीत. देखरेख व ख्रिस्ती ग्रंथांची शिकवण मिशनऱ्यांची असे.

रॉबर्ट नेस्बिट हा १८२७ मध्यें येथें आला. त्याचा जन्म १८०३ चा. सेंट अँड्र्यूज येथें डॉ. चाल्मर्स यांच्या हाताखालीं शिकून मिशनकार्यास निघालेल्या तरुणांच्या मेळाव्यांत तो होता. पुढें कलकत्त्यास प्रसिद्धीस आलेला अलेक्झांडर डफ हा त्याचा सहाध्यायी. मोल्सवर्थचा कोश निघाला १८३१ मध्यें. म्हणजे नेस्बिट कोंकणांत उतरला तेव्हां तो कोश त्याच्या हातीं नव्हता. हर्णैच्या परिसरांतील बोलतीं माणसें हाच त्याचा मोठा ग्रंथ झाला. त्यानें मराठीवर असें प्रभुत्व मिळविलें कीं, त्याच्या बरोबरीच्या युरोपियनांत या बाबतींत त्याचें नांव अग्रभागीं घेतलें जाई.

कोंकणांतील हीं ठाणीं पुढें सुटलीं. डॉ. जॉन विल्सन, ज्यानें १८२९ मध्यें आपले मराठीचे पहिले पाठ कोंकणांतच घेतले, त्यानें मुंबईस आंबरोळी येथें १८३२ मध्यें इंग्रजी शाळा काढली. आजच्या विल्सन कॉलेजचें मूळ तेंच. नेस्बिटचीं उत्तर वर्षें या संस्थेंत अध्यापनांत गेलीं. १८३९ मध्यें संस्थेंतील पारशी विद्यार्थ्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळें शहरांत प्रक्षोभ झाला व पुष्कळ पालकांनीं मुलें काढून घेतलीं. १८४३ मध्यें स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडली. मुंबईच्या या मंडळींनीं फ्री चर्चचा पक्ष धरला. तेव्हां जुन्या चर्चच्या मालकीची जागाहि त्यांस सोडावी लागली.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत संस्थेचा ब्राह्मण विद्यार्थी नारायण शेषाद्रि यास नेस्बिटनें बाप्तिस्मा दिला. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अवघा बारा वर्षांचा, व त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पित्यानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. कोर्टानें मुलगा पित्याच्या स्वाधीन करविला. न्यायाधीश पेरी याच्या निर्णयसंग्रहांत हा खटला नेस्बिटच्याच नांवानें नोंदलेला आहे.

मुलगा घरीं आला, पण जातींत कसा यावा? येथें कोंकणचाच दुसरा एक शिक्षक पुढें झाला. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर हे ‘दर्पण’कर्ते, आणि १८३४ पासून एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक. प्रायश्चित्त देऊन श्रीपतास परत घ्यावें यासाठीं त्यांनीं खटपट केली, व सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. म्लेच्छसंसर्ग घडलेल्यांसाठीं देवलस्मृतींत प्रायश्चित्तें सांगितलीं आहेत. तेव्हां शास्त्राचा दरवाजा उघडा होता, बंद होतीं तीं मनें. शास्त्रीबुवा १८४६ मध्यें वारले.

आम्हीं स्वतः पस्तीस वर्षें मुलांस शब्दरूपें घोकविलीं. बारा वर्षांचें मूल गुरूच्या शब्दावर किती सहज विश्वास ठेवतें, हें आम्हांस ठाऊक आहे. त्या विश्वासाच्या आधारें मुलास वडिलांच्या घराबाहेर ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु ज्यानें परभाषा इतक्या श्रमानें आत्मसात् केली, आणि जो या देशांतील मुलांस शिकवीत शिकवीत येथेंच देह ठेविता झाला, त्याच्या अध्यापननिष्ठेस नांवें ठेवणेंहि आमच्यानें होत नाहीं. २६ जुलै १८५५ रोजीं मुंबईंत पटकीनें नेस्बिटचा अंत झाला.

त्याचें इंग्रजी चरित्र सहकारी मरे मिचेल यानें १८५८ मध्यें प्रसिद्ध केलें. मराठींत ही संस्था जिवंत दिसते ती तिचा विद्यार्थी बाबा पदमनजी याच्या ‘अरुणोदय’ या १८८८ च्या आत्मचरित्रांत. नारायण शेषाद्रीनें पुढें जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. हे तिन्ही पुरावे मिशनच्या बाजूचे होत. दुसरी बाजू हर्णै, बाणकोट, दापोली, मंडणगड येथील घरांत शोधली पाहिजे : पंतोजींच्या पगाराच्या याद्या, मुलांचे कित्ते, शाळेविषयीं वडिलधाऱ्यांचीं पत्रें. संग्राहक बंधूंनीं पोथ्यांचे रुमाल सोडतांना अशा चिठ्ठ्या रद्दी समजून टाकूं नयेत. जीं मुलें त्या शाळांत जाऊन आपल्याच धर्मांत राहिलीं, त्यांची साक्ष आजवर कोणी घेतलेली नाहीं. आणि संख्येनें तींच अधिक होतीं.