चिखल, बर्फ आणि टायर : सोव्हिएत लष्करी मालमोटारींच्या टायरनिवडीचा इतिहास (१९४१–१९५८)

प्रस्तावना :
युद्धेतिहासाच्या लेखनात सेनापती, रणनीती व शस्त्रास्त्रे यांना जे स्थान मिळते, ते सैन्याला धान्य, दारूगोळा आणि इंधन पोहोचविणाऱ्या मालमोटारींना सहसा मिळत नाही. त्या मालमोटारींच्या टायरांचा विचार तर क्वचितच केला जातो. वस्तुतः रशियासारख्या प्रदेशात सैन्याची गती शेवटी जमीन व चाक यांच्या संबंधावर अवलंबून होती. वसंतात बर्फ वितळताना आणि शरदात पावसामुळे तेथील कच्चे रस्ते चिखलात बुडतात. या काळासाठी रशियन भाषेत 'रास्पुतित्सा' अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. त्यानंतर येणारा हिवाळा त्याच रस्त्यांवर बर्फाचे थर चढवितो. अशा दुहेरी संकटात कोणता टायर वापरावा, या प्रश्नाला सोव्हिएत संघात मिळालेल्या उत्तराचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) चिखल व बर्फ यांच्या टायरकडून असलेल्या भिन्न अपेक्षा स्पष्ट करणे.
२) दुसऱ्या महायुद्धातील अनुभव व रबराची टंचाई यांचा टायरनिवडीवरील परिणाम तपासणे.
३) युद्धोत्तर सोव्हिएत मालमोटारींत झालेल्या बदलाची कारणमीमांसा करणे.

चिखल आणि बर्फ : परस्परविरोधी मागण्या
चिखलाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतात. वर पातळ चिखल आणि खाली कठीण जमीन असल्यास अरुंद टायर चिखल कापून कठीण थरापर्यंत पोहोचतो व तेथे पकड घेतो. चिखलाला तळच नसेल, तर मात्र हाच अरुंद टायर आसापर्यंत रुततो. तेथे भार पसरविणारा रुंद टायर हवा. बर्फाचेही तसेच आहे. कठीण रस्त्यावरील पातळ थरात अरुंद टायर उपयोगी पडतो, तर खोल हिमात रुंद.

टायरवरील नक्षीबाबतही असाच विरोध आढळतो. चिखलासाठी नक्षीचे ठोकळे मोठे व एकमेकांपासून दूर हवेत, म्हणजे चाक फिरताना अडकलेला चिखल फेकला जातो. तो न फेकला गेल्यास खाचा बुजून टायर गुळगुळीत होतो. याउलट, नक्षीत दाबून बसलेला बर्फ जमिनीवरील बर्फाला धरतो आणि पकड वाढवितो. म्हणजे एका ठिकाणी टायरने धरलेले सोडणे आवश्यक असते, तर दुसऱ्या ठिकाणी धरून ठेवणे हिताचे असते. गोठलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर तर दोन्ही अपुरे पडतात आणि चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. एकाच टायरकडून या सर्व अपेक्षा पूर्ण होणे अशक्यप्राय होते.

१९४१ चा अनुभव :
मॉस्कोच्या दिशेने जर्मन सैन्याची मुख्य चढाई २ ऑक्टोबर १९४१ रोजी सुरू झाली. ६ व ७ ऑक्टोबरच्या दरम्यानच्या रात्री पहिला बर्फ पडला. तो लगेच वितळला आणि रस्त्यांचा चिखल झाला. जर्मन मालमोटारींपैकी बहुसंख्य केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या आणि पक्क्या रस्त्यांसाठी घडविलेल्या होत्या. त्यांत जिंकलेल्या देशांतून जमविलेल्या नाना बनावटीच्या गाड्यांची भर होती. त्यामुळे टायर व सुटे भाग यांची अदलाबदल दुरापास्त झाली. नोव्हेंबरच्या मध्यास जमीन गोठल्यावर हालचाल पुन्हा शक्य झाली. तथापि मधल्या काळात सोव्हिएत बाजूस बचाव सावरण्याची संधी मिळाली होती. ५ डिसेंबरपासून सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला.

बर्फाची दुसरी बाजू लेनिनग्राडच्या वेढ्यात दिसते. २० नोव्हेंबर १९४१ पासून तेथील अनेक नागरिकांचा दैनंदिन पावाचा वाटा १२५ ग्रॅमपर्यंत खाली आला. २२ नोव्हेंबर रोजी गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून दीड टनी गाझ-एए मालमोटारींचा पहिला तांडा निघाला. बर्फाचा थर पातळ असल्याने सुरुवातीला गाड्यांत अपुराच माल भरला जाई आणि काही गाड्यांच्या मागे घसरगाड्या जोडून भार विभागला जाई. येथे प्रश्न पकडीपेक्षा भार पसरविण्याचा होता आणि त्याच्या उत्तरावर उपाशी शहराचे जीवन अवलंबून होते.

जर्मनीने या अनुभवातून दोन उपाय योजले. मालमोटारीची मागील चाके काढून तेथे पट्टे बसविलेली 'माउल्टियर' ही अर्धपट्टा गाडी १९४२ पासून वापरात आली आणि ती बऱ्यापैकी उपयुक्त ठरली. दुसरा उपाय म्हणजे पोर्शने आराखडा केलेला व स्कोडा कारखान्यात तयार झालेला 'राडश्लेपर ओस्ट' हा ओढगाडा. त्याला रबरी टायर नव्हते. बैलगाडीच्या धावेची आठवण व्हावी अशी मोठी पोलादी चाके होती. ही चाके बर्फावर घसरत. सुमारे २०० गाड्यांनंतर हा प्रयोग थांबला.

रबराचा प्रश्न :
टायरची निवड करण्यासाठी आधी रबर उपलब्ध असावे लागते. सोव्हिएत संघाने सर्गेई लेबेदेव यांच्या पद्धतीने १९३२ मध्येच यारोस्लाव्हल येथे कृत्रिम रबराचे औद्योगिक उत्पादन सुरू केले होते. १९४२ च्या प्रारंभी मलाया, सिंगापूर आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेच्या नैसर्गिक रबराच्या पुरवठ्याचा सुमारे नव्वद टक्के भाग तुटला आणि तेथे टायरांवर नियंत्रण आले. तरीही उधार-पट्टा योजनेखाली सोव्हिएत संघास ३७ लाखांहून अधिक टायर पाठविण्यात आले.

जर्मनीने कृत्रिम रबरासाठी, म्हणजेच 'बुना'साठी, ऑशविट्झजवळील मोनोविट्झ येथे प्रचंड कारखाना उभारण्यास घेतला. तेथे राबविलेल्या कैद्यांपैकी हजारो मरण पावले. त्या कारखान्यातून कृत्रिम रबर मात्र अखेरपर्यंत बाहेर पडले नाही. टायरचा इतिहास केवळ तंत्राचा इतिहास मानणाऱ्या दृष्टीची मर्यादा येथे स्पष्ट होते.

स्टुडबेकर ते झिस-१५१ :
अमेरिकेतून आलेल्या वाहनांत सहाही चाकस्थानांना शक्ती पुरविणारी स्टुडबेकर यूएस-६ ही मालमोटार सोव्हिएत सैन्याचा मोठा आधार ठरली. अमेरिकन लष्करी टायरांची नक्षी दोन्ही दिशांना सारखीच असे. टायर कोणत्याही बाजूस बसविता येई आणि रुतलेली गाडी उलट चालवून बाहेर काढतानाही तेवढीच पकड मिळे. मात्र चिखल आपोआप फेकण्याची तिची क्षमता दिशादर्शक नक्षीपेक्षा कमी होती.

युद्धानंतर १९४८ मध्ये झिस-१५१ या सोव्हिएत मालमोटारीचे उत्पादन सुरू झाले. तिच्या मागील आसांवर स्टुडबेकरप्रमाणेच जोडटायर होते. पक्क्या रस्त्यावर जोडटायर अधिक भार वाहतात, हे खरे. परंतु चिखलात व हिमात तेच दोषास्पद ठरले. पुढील एकेरी चाकाने पाडलेल्या चाकोरीत मागील जोडचाके बसत नसत. त्यांना स्वतंत्र वाट फोडावी लागे आणि त्यात इंजिनची शक्ती खर्ची पडे. दोन टायरांमधील फटीत चिखल घट्ट बसे. शिवाय ही गाडी स्टुडबेकरपेक्षा बरीच जड होती.

हवेच्या दाबाचा उपाय :
मऊ जमिनीवर टायरचा दाब साधारणतः त्यातील हवेच्या दाबाच्या आसपास असतो. हवा कमी केल्यास टायर चपटा होऊन जमिनीशी अधिक क्षेत्रावर टेकतो व कमी रुततो. परंतु पक्क्या रस्त्यावर असा टायर तापतो आणि लवकर झिजतो. म्हणून चालत्या गाडीतून दाब बदलण्याची सोय हवी होती. ती १९४२ मध्ये तयार झालेल्या 'डक' या अमेरिकन उभयचर मालमोटारीत करण्यात आली. ही वाहने सोव्हिएत संघासही मिळाली होती. त्यांच्या धर्तीवर झिस-४८५ हे उभयचर वाहन आणि पुढे बीटीआर-१५२ या चिलखती गाडीची सुधारित आवृत्ती दाबनियंत्रणासह तयार झाली. त्या आवृत्तीतील हवेच्या नळ्या चाकाबाहेरून जात असल्याने झाडाझुडपांत तुटत. म्हणून नंतर त्या आतून नेण्यात आल्या.

१९५८ मध्ये झिस-१५१ ची जागा झिल-१५७ ने घेतली. तिला जोडटायरांऐवजी सर्वत्र रुंद एकेरी टायर होते आणि पुढील व मागील चाके एकाच चाकोरीतून जात. चालक आपल्या जागेवरून दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलोग्रॅमवरून एकाच्याही खाली आणू शके. लहान छिद्र पडल्यास सतत हवा भरत गाडी चालू ठेवता येई. अर्थात, त्यासाठी अधिक यंत्रणा आणि देखभाल यांचा भार स्वीकारावा लागला.

निष्कर्ष :
१) चिखल व बर्फ या दोहोंस सर्वकाळ योग्य असा एकच टायर नाही. सोव्हिएत अभियंत्यांनी परिपूर्ण नक्षीच्या शोधापेक्षा रुंदी, एकच चाकोरी आणि बदलता दाब यांवर भर दिला.
२) झिस-१५१ चा दोष एकट्या टायरचा नव्हता, टायर, आस आणि वजन यांच्या विसंगतीचा होता. परकीय नमुन्यातील जोडटायर स्थानिक जमिनीचा विचार न करता स्वीकारल्याचा तो परिणाम होता.
३) रबराचा पुरवठा, वसाहतींवरील ताबा आणि वेठबिगारी यांच्याशी टायरनिवडीचा निकटचा संबंध होता. म्हणून वाहनांचा इतिहास लिहिताना कारखान्याबरोबरच रबराचे मळे, छळछावणी आणि रस्ता यांचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.