फाइल हटत का नाही? संगणकाच्या नकाराचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, यात इतिहास तो काय? एक नको असलेली फाइल आपण कचऱ्याच्या टोपलीत टाकतो, टोपली रिकामी करा म्हणतो, आणि संगणक म्हणतो, जमणार नाही. फाइल लॉक आहे, किंवा वापरात आहे, किंवा तुम्हाला परवानगी नाही. मशीन आपलं, पैसे आपण मोजलेले, फाइलही बहुतेक आपणच केलेली, आणि नाही म्हणणारा हा कोण? आज आपण या 'कोण'चा शोध घेणार आहोत. कारण प्रत्येक नकारामागे कुणीतरी आधी घेतलेला एक निर्णय असतो, आणि पडद्यावरच्या त्या चौकटीत निर्णय घेणाऱ्याचं नाव कधीच नसतं.

सुरुवातीचं कुलूप हाताला लागणारं होतं. चुंबकीय टेपच्या मोठ्या रिळाच्या मागे एक खाच असायची आणि त्यात प्लास्टिकचं कडं बसवायचं. कडं असेल तरच मशीन त्या टेपवर लिहिणार, नाहीतर फक्त वाचणार. म्हणजे टेप मुळातच सुरक्षित. पुसायची असेल तर माणसानं उठून कडं बसवायचं. आपल्याकडे हे तत्त्व घराघरात पोचलं ते ऑडिओ कॅसेटमधून. वरच्या कडेची चिमुकली पट्टी मोडली की त्यावर दुसरं रेकॉर्डिंग होत नसे. आणि मग कुणाला तरी त्याच कॅसेटवर नवीन गाणी भरायची असायची, की चिकटपट्टी लावली, झालं काम! कुलूप कुणी लावलं, कुणी उघडलं, सगळं डोळ्यांसमोर.

संगणक एका वेळी अनेकांनी वापरायचा असं ठरलं तेव्हा हे चित्र बदललं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. अनेक जण आपापल्या टर्मिनलवर बसून एकच मशीन वापरणार. त्या प्रणालीतला एक किस्सा कोर्बातोंनी पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. मजकूर संपादित करणारा प्रोग्राम काम चालू असताना एक तात्पुरती फाइल करायचा आणि तिचं नाव दर वेळी तेच असायचं. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करील, असं लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं होतं. एके दिवशी एक जण सर्वांसाठीची सूचना लिहीत बसला आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करायला बसला. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी लॉगिन करील, त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! 'ही फाइल वापरात आहे' या वाक्यावर आपण चिडतो ना, ते अशा फजितीतून जन्माला आलेलं वाक्य आहे.

एमआयटीच्याच पुढच्या मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलला एक 'सेफ्टी स्विच' होता. तो चालू असला तर हटवण्यापूर्वी संगणक विचारायचा, खरंच का? हा नकार नव्हता, नुसती खात्री करून घेणं होतं.

आता युनिक्स. इथं जरा थांबू, कारण पुढचा बराच घोळ या जागेवरून समजतो. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं, आणि त्यात फाइल आणि फाइलचं नाव या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आपलं सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. कपाटात पुस्तक आहे आणि टेबलावर त्याच्या नावाचं कार्ड आहे. एकाच पुस्तकाची दोन-तीन कार्डंही असू शकतात. युनिक्समध्ये 'हटवा' याचा अर्थ कार्ड फाडा, एवढाच. म्हणूनच त्या क्रियेचं नाव 'अनलिंक' आहे. शेवटचं कार्ड फाडलं गेलं आणि त्या क्षणी पुस्तक कुणी वाचत नसेल, तरच ते कपाटातून जातं. कुणी वाचत असेल तर त्याला वाचू द्यायचं; तो उठला की मग जागा मोकळी.

म्हणजे युनिक्स सहसा 'वापरात आहे' असं म्हणून अडवत नाही. याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. डिस्क भरली म्हणून एखादी प्रचंड लॉग फाइल आपण काढून टाकतो, नाव जातं, पण डिस्क भरलेली ती भरलेलीच! कारण कुठलातरी प्रोग्राम ती फाइल उघडून बसलेला असतो. नवशिक्या सर्व्हरवाल्यांना हमखास चकवणारी ही गोष्ट.

दुसरी गंमत अशी, की कार्ड फाडायचा अधिकार पुस्तकावर अवलंबून नसतो, कार्डांच्या पेटीवर असतो. फाइल 'फक्त वाचण्यासाठी' अशी ठेवली तरी ज्याला त्या डिरेक्टरीत लिहिता येतं, तो ती हटवू शकतो. उलट फाइल तुमची, पण डिरेक्टरी दुसऱ्याची, तर तुम्हाला ती हटवता येईलच असं नाही. 'परवानगी नाही' हे उत्तर आलं की लोक फाइलची परवानगी बदलत बसतात. बघायचं असतं ते पेटीकडे.

मायक्रोसॉफ्टचा रस्ता निराळा. डॉस हे मुळात एका माणसाचं, एका वेळी एका कामाचं. १९८४ च्या डॉस ३.० मध्ये 'शेअर' नावाचा प्रोग्राम आला आणि फाइल उघडतानाच 'इतरांना काय करू द्यायचं' हे ठरवायची सोय झाली. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये हा विचार खोलवर मुरला. उघडणाऱ्या प्रोग्रामनं 'इतरांनी हटवलं तरी चालेल' असं स्पष्ट सांगितलं नसेल, तर हटवता येणार नाही. वाचनालयाच्या भाषेत, वाचक पुस्तक घेऊन बसलाय तोवर कार्डाला हात लावायचा नाही. नियम सभ्य आहे, आम्हाला तो चूक वाटत नाही. अडचण एवढीच, की बहुतेक प्रोग्राम लिहिणारे ती परवानगी द्यायच्या भानगडीत पडले नाहीत. कधी कधी तर फोल्डरमधल्या चित्रांची छोटी रूपं दाखवणारा एक्सप्लोरर स्वतःच फाइल धरून बसायचा आणि आपल्यालाच सांगायचा, फाइल वापरात आहे. कुणाच्या? तर त्याच्याच!

विंडोजच्या त्या प्रसिद्ध 'रीस्टार्ट करा' या आग्रहाचं एक मूळ इथंच आहे. चालू असलेली फाइल बदलता येत नाही, म्हणून कोणत्या फाइली हटवायच्या याची यादी रजिस्ट्रीत लिहून ठेवायची आणि संगणक पुन्हा सुरू होताना, कुणी त्या उघडायच्या आत, काम उरकायचं.

कचऱ्याची टोपली मात्र अ‍ॅपलनं लोकप्रिय केली. १९८३ च्या लिसावर ती होती, १९८४ च्या मॅकिंटॉशवरही. फाइलच्या माहितीच्या चौकटीत 'लॉक्ड' अशी खूण करता यायची. सिस्टिम ७ मध्ये, म्हणजे १९९१ नंतर, लॉक केलेली फाइल टोपलीतून घालवायची असेल तर ऑप्शन ही कळ दाबून ठेवून टोपली रिकामी करायची. कुलूप मालकाचं, किल्ली त्याच्याच कीबोर्डवर.

२००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं आणि आत युनिक्स आलं. जुनं साधं कुलूप, युनिक्सच्या परवानग्या आणि बीएसडी परंपरेतली 'न बदलण्याची' खूण, ही तिन्ही एकाच टोपलीखाली आली. टोपली रिकामी होईना म्हणून साधी माणसं टर्मिनल उघडून आज्ञा टाइप करू लागली. आधी 'सीएचफ्लॅग्ज' वापरून खूण काढायची, मग 'आरएम'. इथं एक जागा चुकली की संपलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द अ‍ॅपलच्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरमध्ये असंच घडलं. डिस्कच्या नावात मोकळी जागा असेल तर हटवण्याची आज्ञा भलतीकडेच लागू व्हायची आणि काही लोकांचा डेटा गेला. अ‍ॅपलला तो मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती द्यावी लागली. जबरदस्तीनं हटवण्यात धोका काय, तो हा.

ती बीएसडीची खूण १९९३ च्या ४.४ बीएसडीतली. तिचे दोन प्रकार होते. एक मालक स्वतः काढू शकायचा. दुसरी, सुरक्षेची पातळी वाढवलेली असेल तर, चालू मशीनवर सर्वाधिकारी 'रूट'लाही काढता येत नसे. हेतू चांगला होता. घुसखोरानं रूटचा अधिकार मिळवला तरी त्याला ठरावीक फाइली बदलता येऊ नयेत. २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये अ‍ॅपलनं साधारण हाच विचार सगळ्या ग्राहकांच्या मशीनवर लागू केला. पण बीएसडीत खूण लावणारा त्या मशीनचा व्यवस्थापक होता. इथं ती कारखान्यातूनच लागून आली. मालकाला ती व्यवस्था बंद करता येते, पण त्यासाठी संगणक रिकव्हरीमध्ये सुरू करावा लागतो. टेपच्या कड्यासारखंच उठून काहीतरी करावं लागतं म्हणा ना.

नकार कंपनीचा असेल तेव्हा प्रकरण न्यायालयातही जातं. विंडोज ९८ मधून इंटरनेट एक्सप्लोरर काढता येत नव्हता. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो काढणारा प्रोग्राम लिहून सरकारच्या बाजूनं साक्ष दिली. जून २००१ मध्ये अपील न्यायालयानं, तो 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स'च्या यादीतून वगळणं बेकायदा ठरवलं. हटवण्याच्या यादीत एक नाव नसणं हा कायद्याचा भंग ठरला! आणि मार्च २०२४ पासून युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स कायदा मोठ्या कंपन्यांना सांगतो, की आधीपासून बसवलेली अ‍ॅप वापरणाऱ्याला सहज काढता आली पाहिजेत. अपवाद फक्त अत्यावश्यक अ‍ॅपचा. त्यानंतर अ‍ॅपलनं जाहीर केलं, की युरोपात सफारी, कॅमेरा, मेसेजेस, फोटो, इतकंच काय अ‍ॅप स्टोअरही हटवता येईल. फोन आणि सेटिंग्ज ही दोन मात्र नाही.

हा कायदा युरोपातला. आपल्या हातातल्या फोनवर कोणती अ‍ॅप हटतात आणि कोणती हटत नाहीत, ते घरी गेल्यावर जरूर बघा. आता प्रश्न घेऊ.