परळमध्ये घडलेलं औषध

अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध 1950च्या दशकात हाती आलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको खोऱ्याच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून. जीव वाचवणारं, पण जिवावर बेतू शकणारंही. सलाईन सुरू होताच रुग्णाला हुडहुडी भरायची, ताप चढायचा. खरा धोका त्यानंतरचा. मूत्रपिंडं दुखावत, लघवीवाटे पोटॅशियम निघून जाई आणि ते फार घसरलं की हृदयाचे ठोके चुकू लागत. म्हणून रोज रक्त तपासायचं आणि ईसीजीवर नजर ठेवायची.

औषध तेच ठेवून त्याची वाट बदलायची, हा यावरचा उपाय. 1960च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसलं होतं, की काही स्निग्ध द्रव्यं पाण्यात आपोआप सूक्ष्म पोकळ गोळ्यांचं रूप घेतात. हीच लायपोसोम. त्यांत बांधलेलं औषध मूत्रपिंडांना कमी त्रास देतं. परदेशात असं अ‍ॅम्फोटेरिसिन आलं, पण त्याची किंमत सामान्य माणसाला झेपणारी नव्हती.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातले बी. के. बच्छावत यांच्या साथीने देशी लायपोसोम घडवलं. पुढे ते ‘फंगिसोम’ नावाने बाजारात आलं. देण्यापूर्वी त्याची बाटली ध्वनिलहरींच्या यंत्रात 45 मिनिटं ठेवायची. त्या कंपनांनी मोठ्या गोळ्या फुटून बारीक होतात. नॅनोकणांचं हे काम वॉर्डाशेजारी, साध्या यंत्रावर होऊ शकतं, ही या औषधाची मोठी कमाई. महापालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्या गरिबाला डोळ्यांसमोर ठेवून झालेलं हे संशोधन आपल्या वैद्यकाच्या इतिहासात ठळकपणे लिहायला हवं.

2021 साली म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, तेव्हा लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा देशभर तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यवार वाटप करावं लागलं. 

बुरशीवरचं औषध असं लायपोसोममधून रुळलं; थेट हृदयाची लय सुधारणारी औषधं मात्र अजून या वाटेवर मागे आहेत. 2013 साली जपानी संशोधकांनी उंदरांना अमिओडॅरोन हे असंच लय सुधारणारं औषध लायपोसोममधून दिलं. रक्तपुरवठा तुटून दुखावलेल्या हृदयात ते अधिक परिणामकारक ठरलं, शिवाय रक्तदाबही कमी ढासळला.